जंगलाच्या पडद्यावरचे वारूळ

मी, छगन नरोत्तम पाटील, वय वर्षे एकसष्ट, धंदा नाटकाचे पडदे व दुकानांचे बोर्ड रंगवणे, राहणार सारंगखेडा, तालुका शहादा, जिल्हा धुळे, आज तारीख ४ डिसेंबर १९६६ रोजी घराच्या ओसरीत उजेडाला बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, पण तिचा या कागदाशी संबंध नाही. कोणी मला धाक किंवा लालूच दाखवून हे लिहवून घेतलेले नाही. धाक आहे, पण तो माझा मलाच आहे आणि त्याचे कारण कलम सहामध्ये येईल.

शहाद्याच्या वकीलसाहेबांनी मला एक नमुना दिला होता. त्यात मोकळ्या जागा सोडलेल्या होत्या, त्या भरायच्या आणि खाली सही करायची, एवढेच काम. पण जागा लहान आणि सांगायचे फार, म्हणून मी नवा कागद घेतला. अक्षर थोडे हललेले दिसेल. चाळीस वर्षे ज्याची ओळ कधी वाकडी गेली नाही त्याला हे लिहिताना लाज वाटते आहे, हेही नोंदवून ठेवतो.

कलम एक. राहते घर. पूर्वेस माझा थोरला भाऊ रतिलाल याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस तापीकडे उतरणारी वाट. हे घर माझी पत्नी सरलाबाई हिने हयातीत वापरावे व तिच्यामागे ते माझी मुलगी मीनाबाई, सासर म्हसावद, हिला मिळावे. पूर्वेची भिंत माझ्या एकट्याची आहे. रतिलालने गोठ्याची तुळई बसवताना तिला मला न विचारता भोक पाडले. मी त्या वेळी काही बोललो नाही. बोलायच्या वेळी न बोलणे ही माझी जुनी खोड आहे, आणि या कागदात ती पुन्हा पुन्हा दिसेल. तुळई आता काढू नये, गोठा पडेल. पण भोक त्याने पाडले हे लिहिलेले असावे.

कलम दोन. वडिलार्जित शेतातील माझा निम्मा हिस्सा, ज्यात सध्या केळी आहे. तो रतिलाल कसतो. हाती ब्रश धरणारा माणूस बांधावर काय कामाचा, असे तो चारचौघांत म्हणे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणून जास्त लागत असे. हिस्सा सरलाबाईच्या नावे करावा. कसणारा रतिलालच राहो. त्याच्यासारखी केळी या काठावर कोणाची होत नाही.

कलम तीन. धंद्याचे सामान. सपाट व गोल असे सर्व ब्रश, रंग घोटण्याचा दगडी पाटा व वरवंटा, सरस विरघळवायचे तांब्याचे भांडे, गेरू, पेवडी, नीळ व काजळीचे डबे, हे सारे भिकन धुडकू शिंपी, सध्या राहणार तळोदा, याला द्यावे. भिकनने अठरा वर्षे माझे पडदे शिवले आणि रंग घोटले. मग १९५९ साली, जत्रेच्या तोंडावर, एका शब्दाने कारण न सांगता तो मला सोडून तळोद्याला गेला. सात वर्षे मी गावभर सांगत आलो की भिकन कृतघ्न निघाला. ते मी खोटे सांगत होतो. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून तोच हवा होता. पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याच्या नावे काही ठेवाल त्याची साक्ष घेऊ नका, उद्या कोणी वाद काढला तर कागद लंगडा पडतो. ज्याला काही मिळायचे नाही त्याचाच अंगठा पक्का. म्हणून भिकनला ब्रश दिले आणि साक्षीतून वगळले.

कलम चार. पोस्टात जे काही असेल ते सरलाबाईचे. दरबाराचा व रस्त्याचा असे दोन पडदे गावच्या नाटक मंडळाला द्यावेत. दरबाराच्या पडद्यावरील डावीकडचा खांब उजवीकडच्यापेक्षा जाड आहे. हे आजवर कोणाच्या लक्षात आले नाही, आणि त्याचेही मला वाईट वाटते.

कलम पाच. माझ्या दारावर 'छगन पेंटर' असा बोर्ड आहे. मी गेल्यावर तो त्याच दिवशी उतरवून चुलीत घालावा. ठेवण म्हणून मीनाने म्हसावदला नेऊ नये. त्याच्या कोपऱ्यात पाच पाकळ्यांचे एक तांबडे फूल आहे. शहाद्यापासून नवापूरपर्यंत मी रंगवलेल्या प्रत्येक बोर्डावर ते फूल असते. लोक म्हणत, अक्षर वाचायची गरज नाही, फूल दिसले की छगनचे काम. मला त्याचा अभिमान होता. आता ते फूल डोळ्यांसमोर नको आहे.

कलम सहा. जंगलाचा पडदा. हे कलम मी तीनदा लिहायला घेतले आणि तीनदा कागद फाडला. आता चौथा कागद आहे. सरला आतून विचारते की एवढे काय लिहिता. मी म्हणतो, चतुःसीमा.

वीस फूट रुंद, चौदा फूट उंच, मांजरपाटाचा हा पडदा बांबूला गुंडाळून माजघरात आढ्याखाली टांगलेला आहे. कापड माझे, रंग माझे, म्हणून मालकी माझी. दत्त जयंतीच्या जत्रेत मी तो मंडळाला वापरायला देतो. नाटक कोणतेही असो, वनवास म्हणा, शिकार म्हणा, जंगल लागतेच. या पडद्याच्या डाव्या अंगाला सागाच्या दोन झाडांमध्ये पुरुषभर उंचीचे एक तांबडे वारूळ आहे. त्या वारुळामागे एक माणूस आहे. त्याचे नाव होळ्या. तो नवापूरकडच्या डोंगरातल्या मोहपाड्याचा. आता पहिल्यापासून सांगतो.

१९५९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका राज्याची दोन होणार हे नक्की झाले होते आणि कोणते गाव कुठे जाणार याशिवाय कोणाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. नवापूरच्या हद्दीवर दोन्ही बाजूंची माणसे गावोगाव फिरत, अर्ज लिहून घेत, आणि 'आमची भाषा अमुक, आमचे राज्य तमुक' असे बोर्ड झाडांना टांगायला लावत. ते बोर्ड मी रंगवत होतो. दोन्ही बाजूंचे. आमच्या घरात गुजरातीला जवळची गुजरी बोलतात, बाजारात अहिराणी, आणि कागदावर मी मराठी लिहितो. इकडचे लोक म्हणत, तुम्ही तर तिकडचेच. तिकडचे म्हणत, मराठी बोर्ड रंगवतोस आणि आमच्या पंगतीला बसतोस. मला दोघांचीही भीती वाटे. म्हणून जो सांगे त्याचा बोर्ड मी रंगवी, आणि कोणालाही नाही म्हणत नसे.

होळ्या दर हिवाळ्यात कापूस वेचायला रतिलालच्या शेतात येई. दुपारच्या सुट्टीत तो माझ्या ओसरीवर बसून भिकनचे रंग घोटणे पाहत राही. हसताना तोंडावर हात धरी. त्या वर्षी तो हसत नव्हता.

"भाऊ," तो म्हणाला, "जो येस तो इचारस, तुन्ही भाषा कोनती. मी सांगस, मन्ही मायनी. तर त्या चिडतस."

रतिलालच्या, म्हणजे मराठीच्या बाजूच्या, मंडळींनी त्याच्याबरोबर एक मराठी बोर्ड पाठवला होता, मीच रंगवलेला. पंधरा दिवसांनी तीच सागाची फळी डोक्यावर घेऊन तो परत आला. दुसरे लोक येऊन धमकावून गेले होते की हा उतरव आणि आमचा लाव, नाहीतर बघ. दोन्हींना नाही म्हणायची त्याला सोय नव्हती.

मला त्या वेळी फार हुशारी सुचली. नाटकात आम्ही फिरती चौकट करतो. एका अंगाला महाल, दुसऱ्या अंगाला तुरुंग. चौकट फिरवली की जागा बदलते. मी हसून म्हणालो, "फळी एकच ठेव. जो ई तेले तेन्ही बाजू दखाड."

"माले वाचता कोठे येस?"

"हाई फूल देख. फूल व्हई ती मराठी. फूल नही ती दुसरी."

त्याने फुलावरून बोट फिरवले आणि मान डोलावली. त्याच संध्याकाळी मी फळी उलटी करून मागल्या अंगाला गुजराती अक्षरे रंगवली. भिकनशी बोलत होतो. कशाबद्दल ते आठवत नाही, काहीतरी हसण्यासारखेच होते. अक्षरे झाली, चौकट झाली, आणि काम संपले की हात जिथे जातो तिथे हात गेला. कोपऱ्यात मी फूल काढले. पाच पाकळ्या. मला ते कळलेही नाही. भिकनलाही दिसले नाही, कारण फूल नसलेला माझा बोर्ड त्याने कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर फळी गोणपाटात बांधून होळ्या गावी गेला.

नवव्या दिवशी त्याच्या दारात माणसे आली. त्याने फळीची जी बाजू त्यांच्यासमोर धरली ती त्यांची नव्हती. कोणत्या बाजूची ते मी इथे लिहीत नाही. भिऊन नव्हे, या एका गोष्टीत तरी भिऊन नव्हे. फळी उलट फिरली असती तर दुसऱ्यांनी तेच केले असते. त्यांनी त्याला दारातच काठ्यांनी मारले. चौथ्या दिवशी तो गेला.

पुढे चौकशीला एक साहेब सारंगखेड्याच्या चावडीत आले. फळी त्यांच्या हातात होती. मला आणि भिकनला बोलावले. साहेबांनी फळी एका अंगाने दाखवली, मग फिरवून दुसऱ्या अंगाने दाखवली. तेव्हा मी ते दुसरे फूल प्रथम पाहिले. साहेबांनी विचारले, हे अक्षर तुझे का. मी म्हणालो, नाही साहेब. आणि हे फूल? मी म्हणालो, फूल काय, कोणीही काढतो. भिकन माझ्याकडे पाहत होता. तोही काही बोलला नाही, कारण अठरा वर्षे त्याने माझ्याआधी कधी तोंड उघडले नव्हते. चावडीच्या पायऱ्या उतरल्यावर तो एवढेच म्हणाला, "छगनभाऊ, फूल दोन्ही बाजूले शे." मी म्हणालो, माहीत आहे.

कागदावर असे आले की होळ्या दारूच्या नशेत होता, त्याने फळी उलटी धरली, बाचाबाची झाली आणि तो पडला. त्याच्याच गावात लोक तसे म्हणू लागले. दारुडा, आपल्या पायाने मेला. भिकन मोहपाड्याला जाऊन आला. त्याने सांगितले की होळ्याची बायको सोमीबाई दारोदार सांगते आहे, तो प्यालेला नव्हता. पण तिचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही, तिचा अंगठा कोणी मागितला नाही. एवढे सांगून भिकनने आपली कात्री आणि गज उचलला आणि तो गेला.

पुढे राज्ये झाली. मोहपाडा इकडे राहिला आणि नाल्यापलीकडचे होळ्याचे शेत तिकडे गेले. त्याला विचारले असते तर तो तोंडावर हात धरून हसला असता.

पण मी पडद्यावर येतो. त्याच वर्षीच्या जत्रेसाठी मंडळाने जंगलाचा नवा पडदा मागितला होता. भिकन नव्हता, मी एकटा होतो. सागाची झाडे काढता काढता दोन झाडांमध्ये जागा उरली आणि तिथे मी होळ्याला उभा केला. वनवासातला कोणी ऋषी नव्हे, भिल्लांचा राजा नव्हे, होळ्याच. त्याच्या हातात फळी दिली. फळी कोरी ठेवली, फक्त कोपऱ्यात फूल काढले. पडदा आम्ही सरसाच्या रंगात रंगवतो, तो पाण्याने निघतो. होळ्या मी अळशीच्या तेलात रंगवला. तो निघू नये म्हणून. मी आयुष्यात रंगवलेली तेवढी एकच गोष्ट मला कोणी सांगितलेली नव्हती. धीर आला होता. तो दोन दिवस टिकला.

नाटकाला जंगलाचा पडदा सुटला तेव्हा जत्रेची सगळी गर्दी समोर होती. पुढच्या सतरंजीवर इकडचे पुढारी होते आणि जत्रेच्या बाजारात घोडे बघायला आलेले तिकडचेही होते. आधी कोणाला काही कळले नाही. मग कुजबुज मागून पुढे आली आणि पुढे येऊन थांबली. नट आपली वाक्ये म्हणत होते आणि लोक नटांकडे पाहत नव्हते. बायकांच्या बाजूला एक बाई उठून उभी राहिली. ती तशीच चालत रंगमंचापाशी आली आणि पडद्याच्या खालच्या कडेला, होळ्याच्या पायांना, तिने हात लावला. ती सोमीबाई होती.

पडद्यामागे रतिलालने माझा दंड धरला. "छगन, हाऊ मानूस आठे काबर उभा शे? पुसी टाक. मीनानं लगीन ठरेल शे, इसरनास का?"

मीनाचे लग्न खरेच ठरले होते. पण मी ते कारण पुढे करणार नाही. मीनाचे लग्न ठरले नसते तरी मी पुसलेच असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरस तापवला, गेरू घोटला आणि होळ्यावर वारूळ रंगवले. चांगले वारूळ झाले. लोक अजून त्याचे कौतुक करतात.

दुपारी सोमीबाई जत्रेतच उतरलेल्या सासूला आणि नणंदेला घेऊन आली, त्यांना दाखवायला. मंडपात पडदा सोडलेला होता. ती त्या जागेकडे पाहत राहिली.

"काल व्हता," ती म्हणाली. "आज कथा गया?"

मी म्हणालो, "कोन? तठे कोनीच नव्हतं, बाई."

सासू तिला काहीतरी बोलली. त्यांची बोली मला समजत नाही, पण सूर समजला. तिला वेड लागले असे ती म्हणत असावी. साहेबांसमोर खोटे बोललो ते भीतीने. इथे तर समोर तीन बायका होत्या आणि त्यांच्या हातात काठीसुद्धा नव्हती. हे दुसरे खोटे मला पहिल्यापेक्षा जड आहे.

तेव्हापासून सोमीबाई दरवर्षी जत्रेला येते, पडद्याच्या डाव्या अंगासमोर बसते आणि नाटकभर वारुळाकडे पाहते. दरवर्षी ती येईपर्यंत मला वाटते, यंदा नाही येणार. आणि तेलाच्या रंगावर सरसाचा रंग नीट धरत नाही. वर्षभरात पोपडे सुटतात. दरवर्षी जत्रेआधी मी पडदा उघडतो तेव्हा वारुळातून काही ना काही बाहेर आलेले असते. एकदा कान होता. एकदा फळीवरच्या चार बोटांची टोके. मी गेरू लावून पुन्हा बुजवतो. भरपावसात छपराची कौले गळू लागली की सगळे गाव धान्य हलवते, मी पडदा हलवतो. सात वर्षे मी असा जगलो आहे. सरलाला वाटते, माझा जीव पडद्यावर आहे.

परवा पडदा उघडला. यंदा डावा डोळा पूर्ण बाहेर आला आहे. मी ब्रश गेरूत बुडवला आणि तसाच धुऊन ठेवला. जत्रा तीन आठवड्यांवर आली. यंदा बुजवणे माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून लिहून ठेवतो. माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी भिकनने ओल्या फडक्याने वारूळ पुसावे आणि पडदा होळ्याची विधवा सोमीबाई, मोहपाडा, हिला पूर्ण मालकीने द्यावा. तोपर्यंत पडदा गुंडाळलेलाच ठेवावा व यंदा मंडळाने दुसऱ्या पडद्यावर भागवावे. मेल्यावर पुसा असे सांगणे हा भित्रेपणा आहे हे मला समजते. पण जिवंतपणी त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देणे मला जमत नाही, आणि त्याच्या बायकोच्या तर मुळीच नाही. सरला, हे कलम तू मीनाकडून वाचून घेऊ नकोस. वाचून घेतलेसच तर माझ्या मागे घे.

पुरवणी, तारीख ११ डिसेंबर १९६६. वरील कलम सहा मी स्वतः रद्द करत आहे. त्याचे कारण असे.

वकीलसाहेब म्हणाले, ज्या बाईला पडदा द्यायचा तिचे व तिच्या सासऱ्याचे नाव नीट हवे. मी तळोद्याला भिकनला पत्र टाकले की मोहपाड्याला जाऊन नाव विचारून ये. मला वाटले, तो येणारच नाही. तो आज आला आणि नाव आणण्याऐवजी सोमीबाईलाच घेऊन आला. ती ओसरीच्या पायरीवर बसली. भिकन म्हणाला, "वाची दखाड तिले. काय लिखं ते."

मी कलम सहा वाचले. सावकाश, जमेल तसे अहिराणीत सांगत. चौकशी सांगितली, साहेबांसमोरचे खोटे सांगितले, वारूळ सांगितले. फुलाचा मजकूर मात्र मी गाळला. कागदावर तो होता, डोळे त्यावरून गेले, आणि तोंडाने पुढची ओळ वाचली. शेवटच्या घटकेलाही मी तेच केले. भिकनला ते कळले. त्याने मान खाली घातली.

सोमीबाई म्हणाली, "पडदा सोडा."

भिकनने आणि मी माजघरात बांबूच्या दोऱ्या सोडल्या. सरला पाण्याचे तपेले आणि जुने धोतर घेऊन आली. ती आतून सगळे ऐकत होती. सोमीबाईने फडके माझ्या हातून घेतले आणि स्वतः पुसू लागली. आधी कपाळ आले, मग उजवा डोळा, मग तोंड. मग ती खाली बसून पाय पुसू लागली, आणि त्याला वेळ लागला. तेल टिकले होते. होळ्या जसा उभा केला होता तसाच उभा होता. शेवटी तिने फळी पुसली आणि कोपऱ्यातल्या फुलावर तिचे बोट थांबले.

"हाई फूल," ती म्हणाली. "चार दिन तो हाईच बोलना. फूल त व्हतंच, मी देखं, फूल त व्हतंच. माले वाटनं, ताप शे."

सात वर्षे तिला माहीत नव्हते की तो कोणत्या फुलाबद्दल बोलत होता.

मग मी सांगितले. फूल मी काढले. एका बाजूला काढायचे होते, मी दोन्हीकडे काढले. त्याने मी सांगितले तेच केले. तो चुकला नाही, मी चुकलो. हे सांगताना मी भिंतीला धरून उभा होतो, ती माझी एकट्याची पूर्वेची भिंत. सरला रडत होती. सोमीबाई रडली नाही. ती होळ्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"मी तुले माफ करं, असं लिखू नको."

मी म्हणालो, लिहिणार नाही. पडदा तुझ्या नावे केला आहे, तो आजच घेऊन जा.

"माले पडदा नको. एवढा मोठा मी कथा टांगू? आठेच ऱ्हाऊ दे, मी येस ना दर सालले." मग तिने कागदाकडे बोट केले. "आठे साक्ष कोन देस?"

भिकनने तिला वकिलांचे म्हणणे सांगितले. ज्याला काही मिळायचे त्याचा अंगठा चालत नाही, ज्याला काही मिळायचे नाही त्याचाच पक्का.

"मंग मन्हं नाव काढ," ती म्हणाली. "मी साक्ष देसू. तवय माले कोनी इचारं नही."

म्हणून तिचे नाव कलम सहामधून मी काढले आहे. तिला माझ्याकडून काही मिळत नाही. जंगलाचा पडदा नाटक मंडळाला जावा, या अटीवर की तो आज पुसला तसाच, वारुळाशिवाय, यंदाच्या जत्रेपासून सर्वांसमोर टांगला जावा. यंदा मी पुढच्या सतरंजीवर बसेन. मला भीती वाटते आहे. हे लिहितानाही वाटते आहे. रतिलालला मी आज संध्याकाळी स्वतः सांगणार आहे, तो काय बोलेल ते मला पाठ आहे. चौकशीच्या साहेबांच्या कचेरीलाही मी वेगळा अर्ज लिहिला आहे की ते अक्षर माझे आणि ती फुले माझी. तो उद्या भिकन रजिस्टर पोस्टाने टाकेल. जे व्हायचे ते मी जिवंत असताना होवो.

सोमीबाईने सांगितले की एक वाक्य तिचे म्हणून लिहावे आणि सुधारू नये. ते असे: "मन्हा नवरा पेयेल नव्हता. तेनी फूल देखीसनच पाटी फिरायी."

या कागदात खाडाखोड आहे, ती माझी आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि यानंतर करायला वेळ मिळेल असे वाटत नाही. साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली, ती बुद्धीने आणि राजीखुशीने.

ठिकाण: सारंगखेडा, माझ्या घरी, उघडलेल्या पडद्यासमोर.
तारीख: ११ डिसेंबर १९६६.

सही: छगन नरोत्तम पाटील

साक्षीदार १. वीरसिंग दौलतसिंग गिरासे, निवृत्त शिक्षक, सारंगखेडा. सही. (यांना शेजारून बोलावून आणले. मजकूर वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.)

साक्षीदार २. सोमीबाई, होळ्याची बायको, मोहपाडा, तालुका नवापूर. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.

निशाणीबद्दल खुलासा: ही निशाणी शाईची नाही, गेरूची आहे. शाई घरात होती. पण तिचे हात वारूळ पुसून भरलेले होते आणि तिने ते धुतले नाहीत. हीच निशाणी खरी धरावी.